चरातली आमची वाटणी

डोळे मिटा. मिटले? आता समजा, तुम्ही आमच्या पांढरमाळला येणाऱ्या एसटीत बसला आहात. उजव्या बाजूला, खिडकीपाशी. माळाचा चढ संपतो, बोरीचं झाड मागं पडतं आणि गावाची कमान दिसायला लागते. तेवढ्यात गाडीची उजवी चाकं एका खळग्यात उतरतात आणि तुमचं डोकं खिडकीच्या गजावर आपटतं. डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला काहीच होत नाही. तो तुमच्याकडं बघून हसतो.

त्या जागी डांबर ओतून झालं, खडी दाबून झाली. पण पावसाळा गेला की उजवी बाजू पुन्हा खचते आणि डावी होती तशी राहते. शाळेतली मुलं मला विचारतात, बाई, एकच बाजू का खचते? मी सांगते, बसा, पण आधी एसटीतून उतरा.

उतरलात? आता तुम्ही अकरा वर्षांची मुलगी आहात. मुलगे असाल तरी थोडा वेळ मुलगी व्हा, काही बिघडत नाही. कोरोनाचं दुसरं वर्ष आहे. शाळेला कधीचं कुलूप आहे. तुमचे वडील टँकरवर ड्रायव्हर आहेत आणि ते तिकडं गुजरातेत अडकलेत. तुमची आई गावाची आशाताई आहे, म्हणजे बाळंतिणींची, लसींची, तापाची चौकशी घरोघरी जाऊन करणारी बाई. तुमचं नाव कार्तिकी. आणि सकाळच्या वेळी तुम्ही दुधाची भरलेली किटली घेऊन माझ्या दारात उभ्या आहात.

"बाई, डेअरीत दूध घेतलं न्हाई," कार्तिकी म्हणाली.

मी अंगण झाडत होते. विचारलं, फॅट कमी लागलं का?

"मापलंच न्हाई. तात्या म्हणले, आशाच्या घरचं दूध उद्यापासनं आणायचं न्हाई. मी म्हणलं, दूध गाईचं हाय. गाय कुठं घरोघरी फिरती?"

"मग तात्या काय म्हणाले?"

"पलीकडं बघितलं."

तिनं किटली ओट्यावर ठेवली आणि तोंडावरचा रुमाल नीट केला. रडली नाही. रडणाऱ्यातली ती नव्हतीच. पहिलीत असताना तिचं बोट दारात चेमटलं होतं, तेव्हा तिनं आधी दाराला लाथ मारली होती आणि मग मला बोट दाखवलं होतं.

तात्या म्हणजे विलासतात्या, डेअरीचे चेअरमन. त्यांच्याबद्दल लगेच वाईट मत करू नका. आमचं गाव माणदेशी माळावरचं, सगळा जन्म टँकरमागं घागर घेऊन पळण्यात गेलेलं. एका उन्हाळ्यात हा माणूस टिकाव घेऊन एकटाच डोंगरउतारावर गेला आणि चर खणायला लागला. पावसाचं पाणी वाहून जायच्या आत चरात अडवायचं, मुरवायचं. आधी लोक हसले, मग एकेक करून मागं गेले. दोन-तीन उन्हाळ्यांत विहिरींना पाणी आलं. आज गावात दूध आहे, कांदा आहे, ते त्या चरांमुळं.

त्या श्रमदानाचे नियम तात्यांनी घालून दिले होते. फक्कीनं जमिनीवर पांढऱ्या रेघा मारायच्या आणि घरटी वाटणी करायची. ज्याची वाटणी त्यानं खणायची. दुसऱ्याच्या वाटणीत खोरं घालायचं नाही. त्यात त्या घराचा कमीपणा. कुणाला जमेना तर त्या घरानं हाक मारायची, मग सगळ्यांनी धावायचं. आणि शिट्टी झाली की बसलेल्या माणसानं उठून कामाला लागायचं. मग तो कुणीही असो. पहिला टिकाव तात्यांचा.

ती शिट्टी शाळेची होती, कवायतीची. एक लांब आणि मागून दोन तुटक, अशी ती वाजायची. सुरुवातीला मी वाजवत असे. पुढं माझा दम कमी पडायला लागला, तेव्हा मी ती कार्तिकीच्या गळ्यात घातली. मुलांच्या तुकडीची पुढारी तीच होती.

तर अशा गावाला कोरोनाची बातमी कळल्यावर त्यानं काय करावं? जे येत होतं तेच केलं. चर खणला. गावात येणाऱ्या एकुलत्या एक रस्त्यावर, टेकडीपासून ओढ्यापर्यंत आडवा. फक्की पडली, वाटण्या झाल्या. रस्त्यातली जागा सगळ्यात कठीण, खाली घट्ट मुरूम. त्यातली उजवी अर्धी तात्यांनी स्वतःहून घेतली. डावी अर्धी चिठ्ठीत उज्ज्वलाच्या, म्हणजे कार्तिकीच्या आईच्या नावानं निघाली. मायलेकींनी ती खणली. कडा अशा सरळ काढल्या की तात्यांनी स्वतः बघून मान डोलावली.

साहेब लोक आले आणि चराच्या पलीकडून ओरडले, रस्ता असा तोडता येत नाही म्हणाले. तात्या अलीकडून शांतपणे म्हणाले की टँकर मागायला आम्ही तुमच्याकडं चपला झिजवल्या, तेव्हा रस्ता धडच होता. अख्खं गाव हसलं. खोटं कशाला सांगू, मीही हसले. त्या वर्षी आसपासच्या सगळ्या गावांत आजार शिरला, आमच्याकडं नाही. चर जिंकला, असं सगळे मानायला लागले. दुसऱ्या वर्षी आकडे पुन्हा वाढायला लागल्यावर तो आणखी खोल केला.

मी बैठकीत म्हटलं होतं, की हे पाणी नव्हे, हे चरानं अडत नाही. तेव्हा कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला.

आणि मग तात्यांच्या पुतणीचं लग्न झालं. माणसं किती बोलवायची यावर सरकारचं बंधन होतं, पण मळ्यात कोण मोजायला येतंय? वऱ्हाड आलं. गाड्या चरापलीकडं लावल्या, दुधाचे कॅन पलीकडं न्यायची फळी चरावर टाकली आणि एकामागून एक सगळे अलीकडं आले. नवरदेवाला तर दोघांनी हात देऊन उतरवलं. चर जिथल्या तिथं होता, त्यामुळं गावात कुणी बाहेरचं आलं असं कुणाला वाटलंच नाही.

पुढच्या आठवड्यात घराघरांतून खोकल्याचे आवाज यायला लागले. विचारलं तर कुणी म्हणे गार पाणी प्यालो, कुणी म्हणे ऊन लागलं. ताप हा शब्द गावातून नाहीसाच झाला. उज्ज्वला बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन दारोदार फिरे आणि आतून मुलांकरवी निरोप येई, घरात कोणी नाही. तरी तिनं काहींना तपासलं, आरोग्य केंद्राला कळवलं. तपासणीची गाडी आली, ती चराच्या नाक्यावर पहारा देणाऱ्या पोरांनी परत पाठवली.

लोकांची भीतीही खोटी नव्हती. शेजारच्या गावात रुग्ण सापडले, गाव बंद करायला वाटेवर बांबू लागले आणि त्यांचं दूध कुणी घेईना. ओढ्याला पांढरं पाणी आलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून उज्ज्वलानं तोंड बंद ठेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ती ठेवेना. म्हणून किटली परत आली होती.

त्या दिवसाचं थोडं दूध मी विरजलं, थोडं कार्तिकीनं मांजरांना घातलं आणि बाकीचं ओतून दिलं. दोनच दिवसांनी उज्ज्वलाला ताप चढला.

तिनं पहिलं काम काय केलं असेल? गोठ्याशेजारच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि मुलीला बजावलं, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कार्तिकी भाताचं ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरकायची. आई यंत्राचा आकडा आतून ओरडून सांगायची आणि मुलगी तो मला येऊन सांगायची. आधी आकडा बरा होता, मग उतरायला लागला. आणि एका सकाळी कार्तिकी आली ती म्हणाली, "बाई, आई आकडा सांगतीया, पण निम्म्यात थांबतीया."

मी फोन लावला. बराच वेळ लागला, पण अखेर एक गाडी यायला तयार झाली. गाडीत ऑक्सिजन होता. अडचण एकच होती, चर.

उज्ज्वलाची वस्ती नाक्यापासून चांगली लांब, माळाच्या टोकाला. तिला खाटेवर घालून चरापर्यंत आणायचं म्हटलं तर चार खांदे हवेत. मी चार दारं वाजवली. ही तीच माणसं होती, ज्यांच्या घरातली बाळंतपणं उज्ज्वलानं रात्री-अपरात्री धावून पार पाडली होती. एका घरात मला पाणी दिलं, लांबून. एका घरात पुरुष रडायला लागला, पण उठला नाही. त्याच्या पाठीमागं त्याची म्हातारी आई खोकत होती. कुणाला बोलणार मी?

नाक्यावर पोचले तर गाडी पलीकडं येऊन उभी होती. ड्रायव्हर पोरगेलासा होता, प्लास्टिकच्या पांढऱ्या झग्यात घामानं निथळत होता. अलीकडं तात्या आणि नाक्यावरची माणसं. बातमी पसरत गेली तसं गाव जमत होतं, एकमेकांपासून अंतर ठेवून, कुणी बांधावर, कुणी झाडाखाली.

ड्रायव्हर म्हणाला, पेशंट कुठं आहे? मी वस्तीकडं बोट दाखवलं. त्यानं चरात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, ही गाडी आहे. बैल न्हाई उडी मारायला."

मी तात्यांना म्हटलं की रस्त्यापुरता चर बुजवा, गाडी आत जाऊन बाहेर येऊ दे, मग हवा तर पुन्हा खणा.

तात्या माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांची तिन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली. ते म्हणाले, "बाई, गाडी आत गेली की उद्या बांबू येणार. दूध बंद, कांदा शेतात. एका माणसासाठी गाव कसं घालवायचं? तिला फळीवरनं आणा, आम्ही अडवत न्हाई."

"कोण आणणार?"

त्यांनी पलीकडं बघितलं. कार्तिकीनं सांगितलं होतं अगदी तसंच.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरकली. कार्तिकी येत होती. एका खांद्यावर खोरं, डोक्यावर घमेलं, त्यात माती ठोकायचा धुम्मस, आणि दुसऱ्या हातात ती दुधाची किटली. किटलीत पाणी होतं, चालताना हिंदकळत होतं. ती कुणाकडं बघत नव्हती. चराच्या डाव्या अंगाला गेली, सामान खाली ठेवलं आणि काठावरच्या मातीच्या ढिगात खोरं घातलं.

पहिलं घमेलं चरात पडलं, तेव्हा लोकांना कळलं ती काय करतेय.

"ए पोरी," तात्या म्हणाले, "काय चाललंय?"

"आमची वाटणी बुजवतीया."

"कुणाला विचारून?"

"खणताना कुठं कुणाला विचारलं हुतं? आमची वाटणी आम्ही खणली, आमची आम्ही बुजवणार."

कुणीतरी बांधावर हसलं. पण ते हसणं तिच्यावर नव्हतं, हे तात्यांनाही कळलं. नियम त्यांचाच होता. नाक्यावरचा एक पोरगा खोरं काढून घ्यायला पुढं झाला, तर तात्यांनीच त्याला हातानं थांबवलं. दुसऱ्याच्या वाटणीत हात घालायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलेलं. ते आज मोडायचं तर गावासमोर मोडावं लागलं असतं.

मी काठी टाकून तिच्याकडं गेले आणि घमेलं उचलायला वाकले. तिनं माझ्या हातातून ते काढून घेतलं.

"तुमची वाटणी ओढ्याकडं हाय, बाई. ही आमची."

"मग हाक मार की मला. नियम आहे."

ती थबकली. घाम डोळ्यांत जात होता, तो तिनं बाहीनं पुसला. "हाक मारीन," ती म्हणाली, "पण आत्ता न्हाई. माझी मला जमतीया."

मी दगडावर बसले. आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट शिकवत आले होते, की स्वतःचं काम स्वतः करा. ते शिकलेलं पोर समोर उभं राहिलं की बघत बसणं किती अवघड असतं, ते मला त्या दगडावर कळलं.

तिनं घाई केली नाही, हे मला अजून आठवतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सांगत होता की दुसरीकडूनही फोन येतोय, जास्त थांबता येणार नाही. तरी ती हातभर माती टाकायची, किटलीतलं पाणी शिंपडायची, धुम्मसानं ठोकायची आणि मगच पुढचा थर. बांध घालताना मी तसंच शिकवलं होतं; सुकी माती नुसती लोटली तर पहिल्या पावसात बसते. पाणी संपलं की ती नाक्यावरच्या रांजणातून किटली भरून आणायची. रांजण नाक्यावरच्या पोरांचा होता. त्यांनी अडवलं नाही. तिसऱ्या खेपेला एकानं झाकण काढून धरलं.

डावी बाजू वर येत गेली. काठाला लागली. तिनं वरून शेवटचा थर ठोकला, त्यावर उभी राहून दोनदा उडी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, ही बाजू झाली."

ड्रायव्हर जवळ आला. त्यानं पायानं माती दाबून पाहिली. मग उजवीकडं पाहिलं. तिथं तात्यांची वाटणी होती, माणूस उतरला तर कमरेपर्यंत बुडेल इतकी खोल.

"ताई, एका चाकावर कशी नेऊ?" तो म्हणाला. त्याचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता. "थोडं थांबतो. पण लई थांबता येणार न्हाई."

कार्तिकी वळली. तात्या तिच्यापासून चार हातांवर होते. मध्ये त्यांचा चर.

"तात्या, तुमची वाटणी राहिली."

"माझी वाटणी हाय तशी राहणार."

"आई तुमच्या सूनबाईच्या बाळंतपणात रात्रभर बसली हुती."

"त्याचं मला ध्यान हाय," तात्या म्हणाले. "म्हणून तर तुला अडवलं न्हाई. पण गावाचं बी मलाच बघायचंय. दूध ओतायची पाळी आली तर तू देशील का लोकांना?"

"आमचं तर तुम्ही आधीच ओतायला लावलं," कार्तिकी म्हणाली. "तरी आम्ही हाय अजून."

बांधामागून कुणीतरी खोकलं आणि खोकला दाबायचा प्रयत्न केला. दाबला गेला नाही. लगेच दुसरीकडून एक खोकला आला, झाडाखालून. मग आणखी एक. इतके दिवस जो घराघरांत कोंडून ठेवला होता, तो असा उघड्यावर आला. तात्यांनी मान वळवून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. झाडाखाली त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा उभा होता, तोंडावर उपरणं दाबून.

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. पण गावासमोर शब्द फिरवायची त्यांना सवय नव्हती. ते तसेच उभे, गावही तसंच उभं, प्रत्येकाच्या घरी खोरं, आणि कुणालाच पहिलं व्हायचं नाही.

पलीकडं ड्रायव्हर गाडीत चढला. इंजिन सुरू झालं.

इथं तुम्ही मला विचाराल, बाई, उज्ज्वलामावशी वाचली का? वाचली. परवाच तिनं माझा रक्तदाब मोजला आणि लोणचं बंद करायला सांगितलं. गावाला बांबूही लागले, दूधही काही दिवस कुणी घेतलं नाही. झाडाखालच्या त्या मुलासकट गावातली बरीच माणसं त्याच गाडीतून गेली आणि बहुतेक परत आली. हे सगळं नंतरचं. आणि त्या रस्त्याची उजवी बाजू का खचते, तेही आता तुम्हाला कळलं असेल. एवढ्या माणसांनी एकदम माती लोटली, की पाणी शिंपडायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

पण अजून ते झालेलं नाही. अजून इंजिन सुरू आहे आणि गाडी मागं वळायला लागली आहे. पुन्हा एकदा डोळे मिटा.

कार्तिकीनं तात्यांच्या वाटणीत खोरं घातलं नाही. तिनं खोरं आपल्या भरावावर उभं रोवलं. गळ्यातल्या दोरीला हात घालून फ्रॉकच्या आतून शिट्टी बाहेर काढली. सगळ्यांपासून लांब, आपल्या ठोकलेल्या मातीच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. तोंडावरचा रुमाल खाली ओढला, अख्ख्या गावाकडं तोंड केलं, आणि शिट्टी वाजवली. एक लांब, मागून दोन तुटक.